पोलर बिअर बघायला जग जिथं जातं, तिथल्या खडकावर एका खलाशानं आपलं नाव कोरून ठेवलंय

ऑक्टोबर उजाडला की जगभरातले हौशी फोटोग्राफर एका छोट्याशा गावाकडं निघतात. गावाचं नाव चर्चिल. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन बे नावाच्या अवाढव्य उपसागराच्या काठावर. लोकसंख्या हजाराच्याही आत. गावापर्यंत रस्ता जात नाही. एकतर विमान, नाहीतर विनिपेगवरून सुटणारी ट्रेन. ही ट्रेन सुमारे 1,700 किलोमीटर कापायला जवळपास दोन दिवस घेते.

(आणि हो, गावाचं नाव विन्स्टन चर्चिलवरून पडलेलं नाही. त्याच्या पूर्वजावरून, जॉन चर्चिलवरून पडलंय.)

एवढा आटापिटा कशासाठी, तर पोलर बिअर बघण्यासाठी. उन्हाळ्यात हडसन बेवरचा बर्फ वितळतो आणि अस्वलं नाइलाजानं जमिनीवर येतात. त्यांचं खाणं म्हणजे सील, आणि सीलची शिकार करायची तर पायाखाली बर्फ लागतो. चर्चिल नदीचं गोडं पाणी जिथं समुद्रात मिसळतं तिथं बर्फ लवकर धरतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अस्वलं याच भागात येऊन थांबतात. गावातले लोक गाडीचं दार लॉक करत नाहीत, का तर अचानक अस्वल समोर आलं तर कुणालाही आत घुसता यावं. गावात शिरलेल्या अस्वलांना ठेवायला चक्क कोठडी आहे.

उन्हाळ्यात गेलात तर अस्वलं कमी आणि बेलुगा जास्त. हे पांढरे देवमासे नदीच्या मुखात हजारोंच्या संख्येनं येतात. त्याच उन्हाळ्यात नदीच्या पलीकडच्या काठावर बोटीनं नेऊन दोन गोष्टी दाखवतात. एक ताऱ्याच्या आकाराचा दगडी किल्ला, प्रिन्स ऑफ वेल्स फोर्ट. आणि दुसरा, किल्ल्याजवळच्या खाडीतला खडक. त्यावर सुबक अक्षरांत एक नाव आणि तारीख आहे. 1 जुलै 1767.

नाव आहे सॅम्युअल हर्न.

हर्नचा जन्म 1745 चा, लंडनचा. वडील लंडन ब्रिजजवळच्या पाणीपुरवठ्याच्या कारखान्यात अधिकारी होते, पण ते लवकर गेले. आई पोरांना घेऊन डॉर्सेटमधल्या एका गावात राहायला आली. पोराचं अभ्यासात लक्ष नव्हतं. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी ते थेट ब्रिटिश नौदलात भरती झालं. तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्सचं सात वर्षांचं युद्ध सुरू होतं. म्हणजे आपल्याकडं पोरं ज्या वयात सातवीला असतात, त्या वयात हा गडी तोफांच्या आवाजात जहाजावर काम करत होता.

युद्ध संपलं, नौदल सुटलं आणि 1766 मध्ये हर्न हडसन बे कंपनीत लागला.

आता ही कंपनी काय भानगड आहे ते थोडक्यात सांगायला पाहिजे, कारण तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा त्याला हुंड्यात मुंबई मिळाली. ती त्यानं 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1670 मध्ये, याच राजानं दुसऱ्या एका कंपनीला सनद दिली आणि हडसन बेला येऊन मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख तिच्या नावावर केला. ती ही हडसन बे कंपनी. जमीन तिथल्या माणसांची, सही लंडनमध्ये. पॅटर्न तुमच्या लक्षात आला असेलच.

इकडं मसाले आणि कापड, तिकडं बीव्हर. बीव्हरच्या केसांपासून बनवलेल्या हॅटची युरोपात एवढी क्रेझ होती की कंपनीचं चलनसुद्धा बीव्हरचं कातडं होतं. बंदूक घ्यायची तर इतकी कातडी, घोंगडं घ्यायचं तर इतकी.

हर्नला कंपनीच्या एका छोट्या जहाजावर काम मिळालं. किल्ल्यावरून निघायचं, किनाऱ्यानं उत्तरेला जायचं, इनुइट लोकांशी व्यापार करायचा. खडकावर नाव कोरलं ते याच दिवसांतलं. वय 22. त्याच वर्षी मार्बल आयलंड नावाच्या बेटावर त्याला आणि त्याच्या सोबत्यांना पडक्या घराचे आणि बुडालेल्या जहाजांचे अवशेष सापडले. चर्चिलचं ठाणं उभारणारा जेम्स नाइट 1719 मध्ये दोन जहाजं घेऊन तांबं शोधायला गेला होता. तो आणि त्याची माणसं परत आलीच नव्हती. ती सगळी त्या बेटावर उपासमारीनं आणि आजारानं संपली, असं हर्नला पुढं तिथल्या इनुइट म्हाताऱ्यांनी सांगितलं.

पण तांब्याचा नाद कंपनीनं सोडला नव्हता. आतल्या मुलखातले डेने लोक किल्ल्यावर कातडी विकायला यायचे. लांब उत्तरेला एका नदीकाठी तांबं असंच पडलेलं असतं, असं ते सांगायचे. किल्ल्याचा प्रमुख मोझेस नॉर्टन यानं ठरवलं की कुणाला तरी पायी पाठवून बघायचं. शिवाय त्या काळात सगळ्या युरोपला एक प्रश्न पडला होता. उत्तर अमेरिकेच्या मधून पॅसिफिकला जाणारी समुद्राची वाट आहे का? ती सापडली असती तर चीन आणि भारत जवळ आले असते.

निवड झाली हर्नची. तरणाबांड, चालायला दणकट, यंत्र वापरून अक्षांश काढता येणारा.

6 नोव्हेंबर 1769 ला किल्ल्यावरून तोफांची सलामी झाली आणि हर्न निघाला. 11 डिसेंबरला परत आला. वाटाड्याला या कामात काडीचा रस नव्हता. त्यानं आधी शिकार मिळेनाशी केली आणि मग भर थंडीत हर्नला सोडून दिलं.

फेब्रुवारी 1770 मध्ये दुसरा प्रयत्न. वाटाड्या नवा, पण त्यालाही वाट माहीत नव्हती. महिनोन् महिने टुंड्रावर भटकंती सुरू झाली. टुंड्रा म्हणजे नजर जाईल तिथपर्यंत झाड नाही, जाळायला लाकूड नाही. कॅरिबूचे कळप आले तर पोटाला तडस लागेपर्यंत खायचं, नाहीतर दिवसचे दिवस उपाशी. सरपण नसेल तर मांस कच्चं खायचं. काही दिवस तर हर्ननं जुन्या चामड्याचे तुकडे आणि भाजलेली हाडं चघळून काढले.

ऑगस्टमध्ये त्यानं क्वाड्रंट, म्हणजे सूर्याची उंची मोजून अक्षांश काढायचं यंत्र, उभं करून ठेवलं आणि जेवायला बसला. वाऱ्याचा झोत आला, यंत्र दगडावर आपटलं, खेळ खल्लास. दुसऱ्याच दिवशी वाटेत भेटलेल्या एका टोळीनं त्याचं बाकीचं सामानही वाटून घेतलं. हर्ननं याची तक्रार न करता आता ओझं हलकं झालं अशी चेष्टा केलीय. माणूस म्हणून तो आवडायला लागतो तो इथं.

परतीच्या वाटेवर थंडी सुरू झाली. अंगावर धड कपडे नाहीत, बर्फावर चालायचे जाळीचे बूट नाहीत. आणि सप्टेंबर 1770 मध्ये, त्या ओसाड मुलखात, त्याला मॅटोनाबी भेटला.

खरं तर ही गोष्ट मॅटोनाबीचीही आहे.

मॅटोनाबी डेने होता, जन्म मात्र प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्यावरचा. बाप लहानपणीच गेला. किल्ल्याच्या तेव्हाच्या इंग्रज प्रमुखानं काही काळ त्याला वाढवलं. डेने ही त्याची भाषा होतीच, क्री लोकांची भाषा यायची, थोडी इंग्रजीही. तरुणपणी त्यानं डेने आणि क्री यांच्यातलं जुनं वैर मिटवायला वाटाघाटी केल्या होत्या. उंचापुरा, शब्दाचा पक्का. आणि तांब्याची नदी त्यानं स्वतः पाहिली होती.

त्यानं हर्नला पाणमांजराच्या कातड्याचे गरम कपडे दिले. बुटांसाठी लाकूड कुठल्या बाजूला मिळेल ते सांगितलं. आणि मग हर्नच्या दोन्ही मोहिमा का फसल्या त्याचं कारणही सांगितलं. कारण होतं, सोबत बायका नव्हत्या.

ऐकायला विचित्र वाटतं, पण मॅटोनाबीचा हिशोब साधा होता. शिकार पुरुष करतात. पण ते कातडं साफ करणार कोण, त्याचे कपडे आणि तंबू शिवणार कोण, मांस सुकवणार कोण, गाडं ओढणार कोण? हे सगळं बायका करायच्या. वर खायला काही उरलं नाही तर त्या स्वयंपाक करताना बोटं चाटून भागवतात, असंही तो म्हणायचा. आज हे वाचताना राग येतो, आणि यायलाच पाहिजे. पण यातली अर्धी गोष्ट खरी होती. किल्ल्यातल्या साहेबांनी मोहीम आखताना तिचा कणा कोण, हेच ओळखलं नव्हतं.

हर्न 25 नोव्हेंबरला किल्ल्यावर पोचला आणि अवघ्या 12 दिवसांनी, 7 डिसेंबर 1770 ला, परत निघाला. या वेळी पुढं मॅटोनाबी होता. सोबत त्याच्या पाच-सहा बायका, पोरं, नातेवाईक. हर्न आता मोहिमेचा नेता राहिला नव्हता. तो एका डेने कुटुंबाच्या मागं चालणारा पाहुणा होता. कॅरिबू जिकडं जातील तिकडं लोक जाणार, आणि लोक जिकडं जातील तिकडं हर्न. तो पोचला तो यामुळंच.

पण पोचला तो भलत्याच ठिकाणी.

वाटेत आणखी माणसं येऊन मिळाली. बायका-पोरांना मागं ठेवलं गेलं. पुरुष लाकडाच्या ढाली बनवायला लागले. तेव्हा हर्नच्या लक्षात आलं की या मंडळींना तांब्याशी घेणंदेणं नाही. त्यांना नदीकाठच्या इनुइट लोकांवर हल्ला करायचा होता. डेने आणि इनुइट यांचं वैर पिढ्यान् पिढ्यांचं. हर्ननं विरोध करून पाहिला, तर त्याला भित्रा म्हणून हिणवलं गेलं. मग तो गप्प बसला.

17 जुलै 1771. कॉपरमाइन नदीवरचा एक धबधबा. उत्तरेकडचा उन्हाळा, त्यामुळं मध्यरात्रीनंतरही उजेड होता. काठावर पाच तंबू, आत इनुइट माणसं झोपलेली. हल्ला झाला. वीसच्या वर माणसं मारली गेली, पुरुष, बायका, लहान मुलं. अठराएक वर्षांची एक मुलगी भाला लागून हर्नच्या पायाशी पडली आणि तिनं त्याच्या पायांना मिठी मारली. त्यानं तिच्या जिवाची भीक मागितली. मारणारे हसले. शेवटी तिचे हाल लवकर संपवा एवढंच तो म्हणू शकला.

हा प्रसंग आठवला की इतक्या वर्षांनंतरही आपल्याला रडू येतं, असं हर्ननं पुढं लिहिलं. त्या धबधब्याला त्यानं नाव दिलं ब्लडी फॉल्स, म्हणजे रक्ताचा धबधबा.

आता इथं एक वाद आहे आणि तो सांगितला पाहिजे. हर्नचं पुस्तक घटनेनंतर वीसेक वर्षांनी आलं. त्यातली वर्णनं वाचकांना भिडावीत म्हणून नंतर रंगवली गेली, विशेषतः त्या मुलीचा प्रसंग, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. पण हत्याकांड झालंच नाही असंही म्हणता येत नाही. 1821 मध्ये जॉन फ्रँकलिनची मोहीम तिथं गेली तेव्हा त्यांना माणसांच्या कवट्या आणि हाडं दिसली. आणि 1996 मध्ये डेने आणि इनुइट प्रतिनिधींनी एकत्र येऊन जुनी जखम भरून निघावी म्हणून समारंभ केला. ज्यांच्या घरातली ही गोष्ट, त्यांनी ती खोटी मानलेली नाही.

त्याच दिवशी हर्न नदीच्या मुखाशी पोचला. समोर आर्क्टिक महासागर, बर्फावर पहुडलेले सील. उत्तर अमेरिकेतून जमिनीवरून चालत या समुद्रापर्यंत आलेला तो पहिला युरोपियन. पुढं तांब्याची खाणही बघितली. सगळ्यांनी मिळून चार तास शोधलं, तेव्हा कामाचा असा एकच मोठा तुकडा मिळाला. वजन, साधारण पावणेदोन किलो. दोन फसलेल्या मोहिमा, वीस-बावीस मुडदे आणि पदरात हे.

परतीची वाट आणखी खडतर. मॅटोनाबीच्या लोकांचा वेग हर्नला झेपत नव्हता. पाय सुजले, नखं गळून पडली, पावलागणिक बर्फावर रक्ताचे डाग पडायचे. वाटेत ग्रेट स्लेव्ह लेक हे प्रचंड सरोवर त्यांनी गोठलेलं असताना ओलांडलं. तेही बघणारा तो पहिला युरोपियन.

जानेवारी 1772 मध्ये त्यांना बर्फात जाळीच्या बुटांचा अनोळखी माग दिसला. मागावर गेले तर एका झोपडीत एकटी तरुण बाई. शत्रूच्या टोळीनं तिला पळवलं होतं, तिचं बाळ मारलं होतं. ती तिथून निसटली आणि सात महिने त्या जंगलात एकटी जगली. सशाच्या पायाच्या शिरा वळून फास केले, त्यात ससे पकडले, त्यांच्या कातड्याचे कपडे शिवले. ते कपडे नुसते उबदार नव्हते, हौसेनं सजवलेले होते. रिकाम्या वेळात ती मासे पकडायच्या जाळ्यासाठी झाडाच्या सालीची दोरी वळत बसली होती. हर्न तिच्यावर फिदा झाला. टोळीतल्या पुरुषांनी मात्र ती कुणाची बायको होणार यासाठी कुस्त्या लावल्या.

30 जून 1772 ला हर्न किल्ल्यावर परतला. जवळजवळ 19 महिने. हजारो किलोमीटर चालून त्यानं एक गोष्ट सिद्ध केली होती. वाटेत कुठंही समुद्र आडवा आला नाही, म्हणजे खंडाच्या मधून जहाज जाईल अशी वाट नाही. काही वर्षांनी कॅप्टन जेम्स कुकला पॅसिफिकमध्ये पाठवताना जे आदेश दिले गेले त्यात याचा उपयोग झाला. वाट शोधायची तर बरंच उत्तरेला जाऊन शोध, असं त्याला सांगण्यात आलं. हर्नचे अक्षांश मात्र चांगलेच चुकले होते. नदीचं मुख त्यानं प्रत्यक्षापेक्षा चार अंश उत्तरेला दाखवलं. पुढं त्यावरून टीका झाली, ती पूर्ण गैरलागू नव्हती.

नंतर बढती मिळाली. 1774 मध्ये त्यानं कंबरलँड हाउस हे कंपनीचं आतल्या मुलखातलं पहिलं मोठं ठाणं उभारलं आणि 1776 मध्ये तो प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्याचा प्रमुख झाला.

या काळातला हर्न मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. बीव्हरची कातडी विकणाऱ्या कंपनीचा हा साहेब, आणि याच्या बैठकीच्या खोलीत पाळलेले बीव्हर फिरायचे! हाक मारली की यायचे, मांडीवर बसायचे, भात आणि प्लम पुडिंग आवडीनं खायचे. बीव्हर शेपटीनं भिंतींना गिलावा करतात, घरात वेगवेगळ्या खोल्या बांधतात, अशा कथा तेव्हा युरोपातले विद्वान न बघता लिहायचे. हर्ननं त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. मस्क ऑक्स, कोल्हे, लेमिंग, हंस, पोलर बिअर, सगळ्यांच्या त्यानं तपशिलात नोंदी केल्या. आज ज्याला रॉसचा गूज म्हणतात त्या छोट्या पांढऱ्या हंसाचं पहिलं वर्णन त्याचंच.

घरात त्याच्यासोबत मेरी नॉर्टन होती, मोझेस नॉर्टनची मुलगी. अभ्यासक तिला हर्नची सहचारिणी मानतात.

मग 8 ऑगस्ट 1782 उजाडला. त्याच वर्षी इकडं महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं सालबाईचा तह होऊन मराठे आणि इंग्रजांचं युद्ध थांबत होतं. पण फ्रेंच आणि इंग्रजांचं युद्ध चालू होतं आणि त्याची झळ थेट हडसन बेपर्यंत पोचली. ला पेरूज नावाचा फ्रेंच दर्यावर्दी तीन युद्धनौका घेऊन किल्ल्यासमोर आला.

बांधायला चाळीस वर्षं लागलेला किल्ला. तटावर चाळीसच्या वर तोफा. आणि आत माणसं किती, तर 38. तीही व्यापारी आणि कारागीर. समोर तीनशेच्या आसपास सैनिक. हर्ननं एकही गोळी न झाडता शरणागती पत्करली.

यासाठी नंतर त्याला काहींनी भित्रा म्हटलं. मला विचाराल तर नौदलात वाढलेल्या माणसाला तोफांचं गणित बरोबर कळत होतं. त्याची माणसं वाचली. ला पेरूज दिलदार निघाला, त्यानं इंग्रजांना एका छोट्या जहाजातून मायदेशी जाऊ दिलं. हर्नच्या प्रवासाचं हस्तलिखितही त्याला सापडलं होतं. ते छापायचं, या अटीवर त्यानं ते परत केलं.

पण वाचले ते फक्त इंग्रज.

फ्रेंचांनी किल्ल्याचा तट सुरुंगानं उडवला, कोठारं जाळली. किल्ल्याच्या आसपास राहणारे लोक आता दोन पिढ्या बंदुकीच्या दारूवर आणि कंपनीच्या मालावर अवलंबून होते. तो आधार एका दिवसात गेला. त्याच सुमारास आतल्या मुलखात देवीची साथ पसरली. डेने लोकांपैकी दहातले नऊ गेले असावेत असा हर्नचा अंदाज होता.

मेरी नॉर्टन किल्ल्याच्या उबेत वाढलेली. बाहेरच्या हिवाळ्यात तग धरणं तिला जमलं नाही. ती उपासमारीनं गेली. वय 22.

मॅटोनाबीला किल्ला पडल्याची बातमी कळली. त्याची सगळी पत, सगळा व्यापार त्या किल्ल्याशी बांधलेला होता. त्यानं गळफास घेतला. त्याच हिवाळ्यात त्याच्या सहा बायका आणि चार मुलं भुकेनं मेली.

हर्न 1783 मध्ये परत आला तेव्हा त्याला हे कळलं. त्यानं नदीच्या वरच्या अंगाला लाकडी ठाणं उभारलं, पण जुना व्यापार राहिला नव्हता, जुनी माणसंही नव्हती. तब्येत ढासळली. 1787 मध्ये त्यानं चर्चिल कायमचं सोडलं.

लंडनमध्ये उरलेली वर्षं त्यानं पुस्तकावर काढली. ऑक्टोबर 1792 मध्ये प्रकाशकाशी 200 पौंडांचा करार झाला आणि पुढच्याच महिन्यात, अंगात पाणी साचण्याच्या आजारानं तो गेला. वय 47. पुस्तक 1795 मध्ये आलं, लगेच जर्मन, डच आणि फ्रेंचमध्येही गेलं. त्यात एका आजारी बाईला टोळीनं वाटेत सोडून दिल्याचा प्रसंग आहे. ती तीनदा रांगत-धडपडत मागून येऊन पोचली आणि शेवटी दिसेनाशी झाली. तो वाचून वर्ड्सवर्थनं 1798 मध्ये कविता लिहिली.

मेरीबद्दल हर्ननं त्या पुस्तकात भरभरून लिहिलंय. आणि शेवटाकडची काही पानं त्यानं मॅटोनाबीसाठी राखून ठेवलीत. त्याचा जन्म, त्याची उंची, त्याचा खरेपणा, दारूपासून लांब राहणं, आणि बायकांशी तो किती क्रूरपणे वागायचा तेही. मॅटोनाबीबद्दल आज जगाला जे काही माहीत आहे, त्यातलं बहुतेक याच पानांमधून आलेलं आहे.